धोंड्याची दुसरी पंगत

माझा साडू मला कधीच आवडला नाही. माणूस वाईट होता म्हणाल तर अजिबात नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, चारचौघांत त्याच्याविषयी बोलता तरी आलं असतं. पण तो चांगला होता, हसरा होता, कामाला वाघ होता आणि माझ्या सासुरवाडीत सगळ्यांचा लाडका होता. मी त्याच्यावर जळायचो. उघड सांगतो, आता या वयात लाज कसली?

साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. शिवाय तो माझ्या सासऱ्यांचा सख्खा भाचा. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, या जुन्या रिवाजानं त्यांचं लग्न झालेलं. पलीकडच्याच वस्तीवर त्याचं घर. लहानपणापासून अर्धा वेळ तो मामाच्या मळ्यातच पडलेला असायचा. माझी बायको त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी वाचलो. "न्हाईतर दाजी, तुमच्या जागी ह्योच बसला असता," असं मेहुणी एकदा थट्टेत म्हणाली होती. सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य मी पुण्याला सोबत घेऊन गेलो आणि पुष्कळ दिवस चघळत बसलो.

बाहत्तर साली अधिक महिना वैशाखात आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, जावयाला वाण द्यायचं, ही आपली पद्धत. आमच्या लग्नानंतर आलेल्या पहिल्या अधिकात मला ऑफिसातून रजा मिळाली नव्हती. या वेळी मिळाली. मुलगी चार वर्षांची, तिच्या शाळेची कटकट नव्हती. सुट्टीच काढायची तर सासुरवाडीला काढू, असं ठरलं. कोल्हार ओलांडून राहात्याच्या अंगाला त्यांचा मळा. आदल्या वर्षी पाऊस कमीच झाला होता, पण त्या बाजूला पाटाचं पाणी, त्यामुळे ऊस, पेरूची बाग, विहिरीजवळचा भाजीपाला असं सगळं हिरवं दिसायचं.

मी किती आशेनं निघालो होतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला वडील नव्हते. मी लहान असतानाच गेले, काकांनी वाढवलं. काकांनी काही कमी केलं नाही, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी मला कधी एक फटकाही मारला नाही. चुलतभावांना ते बदडायचे, कान पिळायचे, 'गाढवा' म्हणायचे, मला म्हणायचे, "बाळ, असं करू नये हं." लोक म्हणायचे, केवढं भाग्य या पोराचं! दुसऱ्याच्या घरी वाढलेल्याला विचारा ते भाग्य कसं लागतं ते. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मनात एकच होतं, की आता आपल्याला एक घर मिळेल आणि तिथं आपण घरचे असू. सासरे धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, सगळ्या वस्तीवर ओरडत फिरणारे. बघताक्षणी वाटलं, हा माणूस आपल्यालाही झापेल. सहा वर्षं झाली होती. एकदाही झापलं नव्हतं.

एस.टी.तून उतरलो तर साडू बैलगाडी घेऊन हजर. "आलं का दाजी!" म्हणत त्यानं माझ्या हातातली ट्रंक घेतली, आणि माझी मुलगी, जी परक्या माणसाला बघून आईच्या निऱ्यांत तोंड लपवायची, ती पाच मिनिटांत त्याच्या मांडीवर बसून बैल हाकायला लागली. बायको तर गाडीत बसल्याबरोबर वेगळीच झाली. "काय रे ढब्या, लगीन झालं तरी वाळला न्हाईस!" असं म्हणून तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. पुण्यात ती 'आहे', 'नाही' असं शुद्ध बोलायची. मला 'अहो'शिवाय हाक नाही. मी गाडीच्या कडेला गुडघे जवळ घेऊन बसलो होतो आणि धुळीमुळे माझ्याशी कुणी फार बोललं नाही.

वस्तीवर पोचलो. सासरे दारातच उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी रामराम केला, पाणी मागवलं, "परवासात तरास न्हाई ना झाला?" विचारलं. मग साडूकडे वळले आणि असे कडाडले की मी दचकलो. "आरं ए डोक्याच्या! बैल घामानं निथळत्यात, काय शर्यतीला नेलतं का? सोड त्यांना, सावलीला बांध!" साडू "व्हय मामा, व्हय मामा" करत हसत निघून गेला. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. मला वाटलं. अहो, ती शिवी ऐकून, जणू कुणी दुसऱ्याच्या हातावर पेढा ठेवावा आणि आपण नुसतं बघत राहावं, असं मला झालं.

दुसरा दिवस धोंड्याचा. जेवण उन्हं कलल्यावर करायचं ठरलं होतं, कारण दुपारी अंगणात उभं राहवत नव्हतं. सकाळपासून घरात गडबड. मला निंबाखालच्या खाटेवर बसवलं होतं. उशी दिली, चहा दिला, पुन्हा चहा दिला. मी दोनदा उठलो. एकदा विहिरीवर पोहरा ओढायला गेलो, तर सासऱ्यांनी धावत येऊन दोर काढून घेतला. "आवो आवो, काय हे! लोक काय म्हनतील, जावयाला पानी वढाया लावलं?" दुसऱ्यांदा चुलीच्या जळणासाठी तुराट्या मोडायला बसलो, तर मेहुणी ओरडली, "दाजी, हाताला कुसं लागतील." हात माझे, तुराट्या त्यांच्या, अब्रू कुणाची जात होती देव जाणे. शेवटी सासरे म्हणाले, "चला, आंबं दावतो." मी खुशीत निघालो तर त्यांनी छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली. सासरा बोडक्यानं उन्हात आणि जावई छत्रीखाली, अशी आमची वरात बांधावरून निघाली.

बांधावर पाच-सहा गावरान आंब्याची झाडं होती. प्रत्येकाला नाव. एकाला शेप्या म्हणायचे, कारण त्याच्या आंब्याला शेपूसारखा वास. "ह्यो चोखायचा. रसाला घ्यायचा न्हाई, धाग्याचा हाय," सासरे म्हणाले. मी म्हटलं, "मग चोखू या की." ते एकदम खजील झाल्यासारखे हसले. "छे छे! तुमच्यासाठी आढीत चांगलं घातल्यात रसाचं." शेप्याच्या शेंड्यावर साडू चढला होता, झेला घेऊन आंबे उतरवत होता आणि खाली माझी मुलगी फ्रॉकचा ओटा धरून उभी होती. सासऱ्यांनी वर बघून त्याच्या सात पिढ्या काढल्या, कारण त्यानं एक कच्ची फांदी मोडली होती.

परत आलो तर मागच्या अंगणात मांडे चालले होते. मांडा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो: पुरण भरलेला उंडा हातावर घ्यायचा आणि दोन्ही हातांनी फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत पसरायचा, मग पालथ्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. खापराखाली जाळ एकसारखा पाहिजे. तो जाळ घालायला साडू बसला होता. सासूबाई माझ्यासमोर कधी मोठ्यानं बोलायच्या नाहीत. पदर डोक्यावर, बोलायचं तर भिंतीकडे बघून. पण मी घराच्या कोपऱ्याआड उभा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. "आरं मुडद्या, जाळ कमी कर! करपला की रं मांडा! तुज्या आयनं हेच शिकिवलं का तुला?" आणि तो म्हणतो, "मामी, करपल्याला मलाच खायचाय, तवा मुद्दाम करपवला." त्यांनी पिठाच्या हातानं त्याच्या डोक्यावर एक टोला दिला. त्याच्या केसांत पीठ बसलं ते दिवसभर तसंच होतं. मी मात्र तिथून हळूच निघून पुन्हा खाटेवर येऊन बसलो.

मग माझी पंगत. पंगत कसली, एकटा मीच. ओसरीवर पाट, पाटाभोवती रांगोळी, समई. सासऱ्यांनी परातीत माझे पाय धुतले. मी पाय मागे घेत होतो, ते म्हणाले, "आसू द्या, अधिकात जावई म्हंजी नारायन." साठीचा माणूस माझ्या टाचांवर पाणी घालतोय आणि मी वर आढ्याकडे बघतोय. अनारशांचं ताट आलं, तेहतीस मोजून, त्यावर दिवा. मी म्हटलं, "साडूभाऊंनाही बसवा ना शेजारी. त्यांचा तर पहिलाच धोंडा." आतून सासूबाईंचा आवाज आला, मेहुणीला उद्देशून, "त्याला कसला पाट! त्यो घरचाच हाय." आणि स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी त्याच्या हातात त्याचं वाण कोंबलेलं मी बघितलं. त्यानं दिवा फुंकून बाजूला ठेवला आणि एक अनारसा उभ्याउभ्याच तोंडात टाकला.

जेवण कसं होतं? अहो, जेवणाला नावं ठेवली तर जीभ झडेल. मांडा तोंडात ठेवला की विरघळायचा. त्यांच्याच शेतातला गहू, त्यांच्याच हरभऱ्याची डाळ, त्यांच्याच उसाचा गूळ, दारातल्या म्हशीचं तूप. आमरस पितळी पातेल्यातून वाटीत पडताना एक धागा दिसायचा नाही, इतका गाळलेला. येळवण्याची, म्हणजे पुरणाच्या कटाची, आमटी झणझणीत, विहिरीजवळची कोवळी वांगी, कुरडया, आणि वाफाळलेले धोंडे, मध्ये तुपाची आळी करून. विकतचं म्हणाल तर मीठ तेवढं. मी पुण्यात रेशनचा लाल गहू खाणारा माणूस. चार मांडे हाणले. सासरे वाकून तूप वाढत होते, "घ्या की, लाजू नगा." माझ्यासमोर कुणी जेवत नव्हतं, माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष माझ्या ताटात काय संपतंय तिकडे. एवढं सुग्रास अन्न मी आयुष्यात पुन्हा खाल्लं नाही, आणि इतकं एकटं बसून कधी जेवलोही नाही.

विडा देऊन मला पुन्हा खाटेवर बसवलं. उशाला पाण्याचा तांब्या झाकून ठेवला. "पडा आता जरा," म्हणून सासरे मागच्या अंगणात गेले. दिवस नुकताच मावळला होता. आणि थोड्या वेळानं तिकडून हसू यायला लागलं.

साधं हसू नव्हे हो. पोट धरून, दम लागेपर्यंत. त्यात एक आवाज मला ओळखू येईना. बाईचा होता, मोठा, खो-खो, शेवटी धाप लागल्यासारखा. मला वाटलं, शेजारच्या वस्तीवरची कुणी आली असेल. मग तो आवाज म्हणाला, "आता गप रे ढब्या, ठसका लागंल मला!" माझी बायको होती ती. सहा वर्षांत तिचं हे हसू मी ऐकलं नव्हतं. माझ्या घरी ती तोंडावर पदर धरून हसायची, आणि मला वाटायचं तिची तीच रीत.

मी उठून बसलो. घराच्या भिंतीकडेनं थोडा पुढं झालो आणि बघितलं. खापर उतरवलेलं, चुलीत निखारे, बाजूला कंदील. सगळे चुलीभोवती गोल बसले होते. ताटं अशी नव्हतीच. तुटलेले, करपलेले मांडे एका परातीत, ज्याला पाहिजे त्यानं मोडून घ्यायचे. मधोमध बादलीत पाणी आणि त्यात शेप्या आंबे. सासरे मांडी घालून आंबा चोखत होते, मिशांना रस लागलेला. सासूबाईंचा पदर खांद्यावर. मुलगी साडूच्या मांडीत, तिच्या तोंडाला कोय. साडू सासऱ्यांची नक्कल करत होता, त्यांच्याच तोंडावर, "आरं ए डोक्याच्या!" आणि सासरे त्याला कोय फेकून मारत होते. बायकोच्या कोपरापर्यंत रस ओघळला होता आणि ती तो जिभेनं चाटत होती.

मला काय झालं सांगू? पोटात तडस लागेपर्यंत जेवलेला मी, आणि मला भूक लागली. त्या करपलेल्या तुकड्याची, त्या धाग्याच्या आंब्याची. साडूच्या जागी मला बसायचं होतं. ती कोय माझ्या डोक्यात बसायला हवी होती. नैवेद्य देवाला दाखवतात आणि मग घरचे जेवतात, हे मला कळत होतं. पण मला कुणी विचारलं होतं का, की बाबा तुला देव व्हायचंय का? मी ठरवलं, जायचं. सरळ जायचं, खाली बसायचं आणि म्हणायचं, "मलाही द्या की एक शेप्या." त्यात काय एवढं!

मी गेलो.

पहिल्यांदा मेहुणीनं पाहिलं. "आगं बया, दाजी!" म्हणत ती उठली. सासूबाईंनी हातातला मांडा टाकून पदर डोक्यावर ओढला आणि चुलीकडे तोंड केलं. बायकोनं कोय खाली ठेवली, घाईनं तोंड पुसलं, उभी राहिली. साडू मुलीला मांडीवरून उतरवत म्हणाला, "पाट आना गं, पाट आना." हसू जागच्या जागी थांबलं. मी तोंड उघडलं, पण शेप्याचं नाव माझ्या तोंडातून निघेना.

सासरे गुडघ्यावर हात टेकून उठले. माझ्यासमोर आले. कंदिलाच्या उजेडात त्यांचे दोन्ही हात रसानं माखलेले दिसत होते, आणि ते त्यांनी तसेच जोडले.

"काय चुकलं का, जावईबापू? वाढन्यात कमी-जास्ती झालं आसंल तर पोटात घाला. आमी अडानी मान्सं. पर पोरीवर राग धरू नगा."

पोरीवर राग धरू नका! मी हिच्यावर कधी हात उगारला नव्हता, मोठ्यानं बोललोही नव्हतो. मग हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं कुठून? ते आत्ता सुचलेलं नव्हतं. सहा वर्षं ते त्यांच्याजवळ तयारच असणार, मी येईन तेव्हा तेव्हा. छत्री धरताना, पाय धुताना, तूप वाढताना. मी साडूकडे बघितलं. तो मान खाली घालून उभा होता. त्याच्यासमोर या माणसानं उभ्या जन्मात हात जोडले नसते, आणि त्याच्यावर मी त्या क्षणी जेवढा जळलो तेवढा कधीच जळलो नसेन.

"नाही हो, मामंजी," मी म्हटलं. "पाणी प्यायला आलो होतो."

तांब्या माझ्या उशाशी भरून ठेवलेला होता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी मेहुणीनं माठातून पाणी दिलं आणि मी ते उभ्यानं, सगळ्यांच्या देखत, पेला रिकामा होईपर्यंत प्यालो. मग खाटेवर परत आलो.

मागोमाग बायको आली. हात धुतले होते, पण आंब्याचा वास येत होता. जवळ येऊन हळू आवाजात, पुण्याच्या बोलीत, तिनं विचारलं, "काय झालं? रागावलात का?"

"नाही गं. जा, तुझं जेवण राहिलंय."

"झालं माझं," ती म्हणाली.

झालं नव्हतं, मी बघितलं होतं. पण ती गेली नाही. खाटेच्या पायथ्याशी बसली आणि विंझणा घेऊन मला वारा घालू लागली. मी डोळे मिटून, कान मागच्या अंगणाकडे लावून पडलो. मग साडू काहीतरी बोलला आणि सगळे हसले, अगदी हलक्या आवाजात, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. बायकोचा हात थांबला. तिनं तिकडे मान वळवली, आणि मग पुन्हा वारा घालू लागली.